कालव्यापलीकडचा धडा

ढग आणि कागद एकाच दिवशी आले. ढग खाडीच्या तोंडाशी येऊन मळक्या फडक्यासारखे लोंबत राहिले. कागद होडीवाल्याने आणला, खिशात चार घड्या करून, घामाने ओला झालेला.

धाकटी तेव्हा वाफ्यात होती. कपडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, हातात लांब दांड्याची फळी. खारं पाणी आटलं की वाफ्याच्या तळाशी मीठ बसतं. ते फळीने कडेला ओढायचं, टोपलीत भरायचं, डोक्यावरून नेऊन बांधावरच्या राशीत ओतायचं. सकाळी सहा ते साडेनऊ ती हे करायची. साडेनऊला पाय धुवायची, टाचेच्या भेगांत तेल जिरवायची आणि दहाला शाळेत जाऊन बाई व्हायची. शाळा म्हणजे मिठागराच्या टोकाला एक खोली. चार इयत्ता, तेवीस पोरं, एक बाई.

कागद तिने बांधावर उभ्याउभ्या वाचला. मग पुन्हा वाचला.

"काय म्हणतात?" थोरलीने शेजारच्या वाफ्यातून विचारलं. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. फळी ओढायचं न थांबवता बोलायची तिला सवय होती.

"पुढच्या गुरुवारी साहेब येणार आहेत. चौथीच्या पोरांना नवा उतारा देणार. पोरांनी वाचायचा आणि काय वाचलं ते थोडक्यात, आपल्या शब्दांत सांगायचं. नऊपैकी पाच जणांना जमलं पाहिजे."

"आणि नाही जमलं तर?"

"ही शाळा बंद. पोरं खाडीपलीकडच्या शाळेत."

थोरलीची फळी थांबली. खाडीपलीकडे जायचं म्हणजे होडी आणि वर तासभर चाल. मोठ्या भरतीच्या दिवशी होडी नाही. पोरगे कदाचित जातील. पोरींना कोण पाठवणार? खाडीपलीकडे शाळा असताना थोरलीलाही कुणी पाठवलं नव्हतं. तिच्या पायांकडे बघितलं की ते कळायचं. तळवे चिरून चिरून लाकडासारखे झालेले, नखं मिठाने खाल्लेली.

"पण आपल्याला कशाची भीती?" थोरली म्हणाली. "पोपट आहे ना. तिला अख्खं पुस्तक पाठ आहे. साहेबाला म्हणावं, कुठलंही पान काढ."

पोपट म्हणजे थोरलीची पोरगी, नऊ वर्षांची. एकदा वाचलेलं तिला स्वल्पविरामासकट पाठ व्हायचं. आधीचे गुरुजी तिला टेबलावर उभी करून पाहुण्यांना दाखवायचे. नाव त्यांनीच ठेवलं. धाकटीनेही गेली दोन वर्षं तिला तशीच बोलू दिली होती. धडा पाठ झाला म्हणजे आला, हे मानणं सगळ्यांच्या सोयीचं असतं. पोराच्या, बाईच्या, आईबापाच्या, साहेबाच्याही.

"तेच तर," धाकटी पुटपुटली. पण थोरलीला ऐकू जाईल असं नाही.

त्या दिवशी शाळेत तिने चौथीला एका जुन्या मासिकातलं पान दिलं. मधमाश्यांबद्दलचं. पोपटने वाचलं, वही मिटली, हात मागे बांधले आणि सगळं पान घडाघडा म्हणून दाखवलं.

"छान. आता सांग, यात काय आहे?"

पोपटने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"तसं नाही गं. तुला काय कळलं ते सांग."

पोपटने तिच्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं, आणि तिसऱ्यांदा म्हणायला लागली. या वेळी जरा मोठ्याने.

"बाई, मी सांगू?" मागून लांब्या उठला. वर्गातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात कमी वाचणारा. "मधमाश्या होत्या. त्या चावल्या."

"चावल्या असं कुठे लिहिलंय?"

"माश्या म्हटल्यावर चावणारच ना, बाई."

पोरं हसली. धाकटीने फळ्यावर लिहिलं, महत्त्वाचं तेवढं सांगा. पुढच्या बाकावरच्या ठेंगूने हात वर केला.

"महत्त्वाचं कुठलं ते कसं ओळखायचं?"

धाकटीने खडू खाली ठेवला. बारा वर्षं ती शाळेत शिकली, दोन वर्षं शिकवायचं कसं ते शिकली, आणि हा प्रश्न तिला कधी कुणी विचारला नव्हता, तिनेही कुणाला विचारला नव्हता. परीक्षेला सारांश यायचा तेव्हा ती बाजारातल्या मार्गदर्शकातला पाठ करून जायची. तिच्या बाईंनीच ते पुस्तक घ्यायला लावलं होतं. म्हणजे पोपटला पोपट केलं ते एकट्या गुरुजींनी नाही. पोपटांची रांग लागलेली होती, आणि तीही त्या रांगेत होती.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने बांधावरून फिरून सांगितलं, ढग आत सरकायच्या आधी सगळं मीठ निघालं पाहिजे. घरातले सगळे हात वाफ्यात हवेत. दहा वाजता धाकटी शाळेत गेली तर तीन पोरं. एक आजारी, एक लंगडं आणि एक चुकून आलेलं. त्यांना घेऊन ती मिठागरावर परत आली. थोरल्याने, म्हणजे तिच्या दिराने, तिला बघून न बोलता फळी पुढे केली. तिचा नवरा बाहेरगावी गवंडीकामावर होता. त्याच्या वाट्याची फळी तशीही रिकामीच होती.

ऊन मिठावरून उसळून डोळ्यांत जात होतं. टोपल्यांखाली माना आत गेल्या होत्या. पोरं अर्ध्या टोपल्या उचलत होती. पोपट मात्र बांधावर उभी होती. तिचं काम वेगळं होतं.

मिठागर आणि खाडी यांच्यामधून मोठा कालवा जायचा. कालव्यापलीकडे पाण्याचं दार, आणि त्या दाराशी तिचा आजा. सगळे त्याला आबा म्हणत. चाळीस वर्षं तो ते दार उघडत-पाडत होता, आणि लाटा ऐकून ऐकून त्याचे कान अर्धे गेले होते. पूल लांब. म्हणून इकडून ओरडून सांगायचं. वारा असा की एका दमात जेवढं जाईल तेवढंच पोचायचं. दुसरा दम घेईपर्यंत पहिल्याचं काही उरायचं नाही.

थोरला वाफ्यातून पोरीला सांगत होता, "आबांना म्हणावं, सहाव्या वाफ्यात काल पाणी घेतलं ते कमी पडलंय, कारण तो बांध झिरपतो, मी मुकादमाला किती वेळा सांगितलं पण तो ऐकेल तर शपथ, तर आता थोडं सोडा, पण सातव्यात अजिबात जाऊ देऊ नका, तिथलं मीठ धरलंय."

पोपटने छाती भरून घेतली.

"आबा, सहाव्यात थोडं पाणी. सातव्यात नको."

पलीकडून आबाचा हात वर झाला. कळलं.

धाकटी टोपली डोक्यावर घेऊन होती. तिने ती डोक्यावरच ठेवली आणि तशीच उभी राहिली. मिठाचं पाणी कानामागून ओघळत होतं.

"मेलीस का?" मागून थोरली. "वाट अडवून उभी राहिलीस."

"ताई, ऐकलंत का तिने काय केलं?"

"काय केलं? रोजच ओरडते."

"बापाने मुकादमाला शिव्या दिल्या त्या गाळल्या. बांध झिरपतो ते गाळलं. आबांना जे करायचंय तेवढंच ठेवलं. तिला हे कुणी शिकवलं?"

"त्यात शिकवायचं काय? वाऱ्यात तेवढंच जातं," थोरली म्हणाली आणि तिला कोपराने ढकलून पुढे गेली.

दुपारी अर्धा तास सुटी व्हायची. त्या अर्ध्या तासात धाकटीने चौथीच्या नऊ जणांना बांधावर आणलं. आबाला पुलावरून जाऊन, कानाशी तोंड नेऊन सांगून आली, की आता पोरं गोष्टी ओरडतील, कळली तर हात वर करा, नाही कळली तर डोक्याला हात लावा. आबा म्हणाला, "मला गोष्टी कोण सांगतंय एवढ्या वर्षांनी." आणि बिडी विझवून, पाय लांब करून बसला.

पोरांनी एकेक पान वाचायचं, पालथं घालायचं आणि ओरडायचं. एक दम. पहिला ठेंगू. त्याचं पान एका म्हातारीच्या हरवलेल्या शेळीबद्दल होतं. तो शेळीच्या रंगापासून लागला आणि शिंगांपर्यंत पोचेपर्यंत त्याचा दम संपला. आबाने डोक्याला हात लावला.

"आबांना शेळी विकत घ्यायचीय का?" धाकटी म्हणाली. "झालं काय ते सांग."

"आबा, म्हातारीची शेळी हरवली, शेजारणीच्या घरात सापडली."

हात वर. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग सगळ्यांनाच चेव आला. लांब्याने सात वेळा ओरडून आठव्यांदा आबाचा हात वर करवला आणि बांधावर नाचला. एक फक्त पोपट गप्प होती. तिने पान हातात घेतलं की ते जसंच्या तसं तिच्या तोंडात यायचं, आणि एका दमात पहिल्या दोन ओळी संपायच्या. आबा डोक्याला हात लावायचा. बापाचे निरोप सोपे होते, ते कुणी लिहिलेले नव्हते. छापलेल्यातला शब्द टाकायचा म्हणजे तिला चोरी केल्यासारखं वाटायचं.

थोरली डबा खाता खाता बघत होती. तिची पोरगी, टेबलावर उभी राहणारी, नवव्या नंबरावर.

"तिला येत होतं ते पण घालवलंस तू," ती जेवणानंतर धाकटीला म्हणाली. डब्याचं झाकण तिने नको तेवढं जोरात दाबलं.

तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी सकाळी मुकादमाने आबाला बजावलं, आज भरती मोठी आहे, कालवा फुगेल. बांधावर जोर आला तर इकडून ओरडतील, मग कुणाला विचारत बसू नको, दार उघड आणि पाणी कडेच्या दोन वाफ्यांत घे. कडेचे ते दोन वाफे याच घराचे होते. त्यांत सहा दिवसांचं मीठ धरलेलं होतं, संध्याकाळपर्यंत ओढायचं होतं. पण सगळं मिठागर वाचवायचं तर कुणाचं तरी जायचं, आणि ते नेहमी कडेच्याचं जातं. कडेचे वाफे कुणाला द्यायचे ते मुकादम ठरवतो.

दुपारच्या सुटीत धाकटी पोरांना पानं वाटून राशीवर ताडपत्री ओढायला गेली. पाच मिनिटांचं काम. लांब्याच्या पानावर एका धरणाची गोष्ट होती. धरणावरचा पहारेकरी धावत येऊन काय ओरडला, ते अवतरणात दिलेलं होतं. लांब्याला वाटलं, गोष्टीचा जीव इथेच आहे. बरोबरच वाटलं. त्याने पान पालथं घातलं, छाती भरली आणि बाईने शिकवल्याप्रमाणे एका दमात, एकही शब्द वाया न घालवता, ओरडला.

"पाणी चढलंय, बांध फुटतोय, दार उघडा."

आबा उठला. त्याने हात वर केला नाही. डोक्यालाही लावला नाही. दोन्ही हातांनी दाराचं चाक धरलं आणि आपल्या अंगाचं सगळं वजन त्यावर टाकलं. कडेचे वाफे कुणाचे आहेत ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या सुनांनी ते मीठ कसं धरलं तेही ठाऊक होतं. तरी त्याने एकदाही मागे बघितलं नाही.

पाणी आलं तेव्हा थोरली वाफ्याच्या काठावर बसून पायाला तेल लावत होती. तिच्या बोटांवरून पाणी गेलं. ती उठली नाही. पांढरं मीठ करडं होताना आणि मग दिसेनासं होताना बघत बसली.

मुकादम आला, पुलावरून धावत, पोट हातात धरून. बांध धडधाकट. कालवा अजून हातभर खाली. त्याने आबाला सगळ्यांसमोर विचारलं, "म्हाताऱ्या, कुणी सांगितलं तुला?"

आबाने कालव्यापलीकडे बोट दाखवलं. सगळ्या माना लांब्याकडे वळल्या. लांब्याच्या हातात पान होतं. तो ते पुढे धरून उभा होता, पावती असल्यासारखा.

"यात लिहिलंय," तो म्हणाला.

पुलावरून इकडे परत येऊन मुकादम त्या दिवशी जे बोलला त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही. उरलेलं असं, की शिकवायचं असेल तर खोलीत शिकवा, मिठागर म्हणजे पाळणाघर नाही, आणि ज्या बाईला पोरं सांभाळता येत नाहीत तिची शाळा गुरुवारी बंद होईल ते बरंच होईल. धाकटी मान खाली घालून ऐकत होती. तिच्यावर ओरडत असताना तो तिच्या पायांकडे बघत होता. बाईच्या पायांना चिखल होता, याची त्याला मजा वाटत असावी.

आबाला कुणी काही बोललं नाही. तो दाराशी पाठमोरा बसला. त्याची बिडी पेटत नव्हती.

  थोरलीने फळी घेतली आणि करड्या पाण्यातून, काही उरलंय का बघायला, तळ चाचपत फिरू लागली. धाकटी दुसऱ्या टोकाने तेच करू लागली. पोपट काठावर टोपली घेऊन बसली. टोपलीत ओंजळभर ओला गाळ जमला होता. ऊन उतरायला आलं होतं. 

"काकू," पोपट म्हणाली. घरी ती तिला काकू म्हणायची, शाळेत बाई. "लांब्याला मारणार आहेत का?"

"नाही."

"त्याने बरोबर सांगितलं होतं."

"बरोबर कसलं कर्माचं," थोरली पहिल्यांदा बोलली. "माझं सहा दिवसांचं मीठ गेलं त्याच्या बरोबरीत."

"म्हणजे बरोबरच सांगितलं," पोपट अडखळत म्हणाली. "पण कुणाचं ते नाही सांगितलं. ते गोष्टीतल्या गावाचं होतं. आबांना आपलं वाटलं."

धाकटीची फळी थांबली.

"परत सांग."

पोरगी घाबरली. तिला वाटलं काही चुकलं. तिने आईकडे बघितलं.

"काय परत सांगू?"

"आत्ता म्हणालीस ते. आज काय झालं?"

"लांब्याने गोष्टीतल्या गावाचं सांगितलं. कुणाचं ते सांगितलं नाही. आबांना आपलं वाटलं, त्यांनी दार उघडलं. आपलं मीठ गेलं."

धाकटी पाण्यातून चालत काठावर आली आणि पोरीच्या शेजारी तशीच ओल्या कपड्यांनी बसली. तिला हसू येत होतं आणि ते या वेळी बरं दिसणार नाही हेही कळत होतं. चार दिवस ती पोरांना 'काय झालं' विचारत होती. 'कुणाचं' हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. शेळी म्हातारीची होती म्हणून निभावलं. चूक लांब्याची नव्हती, आबाची तर नव्हतीच. चूक बाईची होती. आणि ती नऊ वर्षांच्या पोरीने दाखवली, स्वतःच्या शब्दांत, एकही ओळ पाठ न करता.

"ताई," ती म्हणाली, "पोरीला येतंय."

थोरलीने फळी गाळात रोवली. "मग माझं मीठ काय फुकट गेलं म्हणायचं का वसूल झालं म्हणायचं?"

"फुकट गेलं," धाकटी म्हणाली. "माझ्यामुळे गेलं. उद्यापासून माझा वाफा ओढून झाला की तुमच्यात येते, शाळेची वेळ होईपर्यंत. पुन्हा धरेपर्यंत."

 निघताना थोरलीने टोपलीची एक कड स्वतः धरली आणि दुसरी धाकटीकडे सरकवली.

बुधवारपर्यंत बाकीच्या वाफ्यांतलं मीठ निघालं. ढग तिथेच होते. पोरं शाळेत आली. धाकटीने फळ्यावर काही लिहिलं नाही. फक्त प्रत्येकाला पानावरून मान वर केली की आधी विचारलं, कुणाचं आहे हे? मग, काय झालं? कालवा नव्हता, तेव्हा तिने एका पोराला खिडकीबाहेर उभं केलं, ज्याने पान वाचलेलंच नाही असं. सांगायचं त्याला. त्याला कळलं नाही तर तो "काय?" म्हणायचा. चौथीतली पोरं इतकी आवडीने "काय?" म्हणतात की सांगणाऱ्याचा जीव जातो.

गुरुवारी साहेब आले. होडीतून उतरताना त्यांचा एक बूट चिखलात रुतला. तो काढायला होडीवाल्याला वाकावं लागलं आणि तिथपासून साहेबांचा दिवस बिघडला. त्यांनी खोली बघितली. बाक मोजले. हजेरीपट दोन बोटांनी उचलला. खडूची पेटी हलवून बघितली, तिच्यात अडीच खडू निघाले.

"बाई, तुम्ही कोपऱ्यात उभ्या राहा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत."

थोरली खिडकीबाहेर होती. वाफ्यातून तशीच आलेली, डोक्याला फडकं. साहेबांनी बघितलं पण ती हलली नाही.

लांब्या पहिला. त्याने उतारा वाचला, कागद पालथा घातला आणि म्हणाला, "हे पुस्तकातलं आहे. कुणी उठू नका."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. धाकटीने भिंतीला पाठ टेकली. पण पुढचं लांब्याने नीट सांगितलं, तीन वाक्यांत. साहेबांनी खूण केली. ठेंगूला जमलं. दोघांना नाही जमलं. त्यांतली एक रडली. एकाला जमलं, एकाला अर्धं जमलं, आणि साहेबांनी अर्धं धरलं नाही. पुढच्याला जमलं. चार झाले. दोन उरले. आठवी पोपट.

तिचा उतारा एका शिंप्याचा होता. तिने वाचला, कागद पालथा घातला, हात मागे बांधले. आणि सुरू झाली. पहिल्या ओळीपासून, स्वल्पविरामासकट.

साहेबांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा समाधान आलं. "वा," ते म्हणाले. त्यांनी पेन उचललं. कोपऱ्यात धाकटीने डोळे मिटले. साहेबांना हेच आवडणार हे तिला आधी सुचायला हवं होतं. त्यांनाही कुणीतरी टेबलावरच उभं करून वाढवलं असणार. पण कागदावर 'स्वतःच्या शब्दांत' असा रकाना होता, आणि साहेब आत्ता खूश असले तरी तो रकाना भरताना त्यांना वाचावा लागलाच असता.

पाचव्या ओळीवर पोपट थांबली. विसरली नव्हती. तिने खिडकीकडे बघितलं. तिथे तिची आई होती, जिने हा उतारा वाचला नव्हता, जिला तो वाचताही आला नसता.

"हे छापलेलं झालं," पोपट म्हणाली. "आता सांगते. हे एका शिंप्याचं आहे. गावच्या प्रमुखाने कोटाचं माप देताना पोट आत ओढलं. कोट झाला घट्ट. तो शिंप्यावर चिडला. शिंपी म्हणाला, घालताना पण तसंच ओढा."

खिडकीबाहेर थोरली हसली. फसकन, तोंडाला फडकं लावायच्या आत. साहेबांचा हात नकळत स्वतःच्या पट्ट्याकडे गेला.

"तात्पर्य?" ते म्हणाले.

"ते यात दिलेलं नाही."

"पण तू सांग."

पोपटने विचार केला. "तुम्ही काय वाचलं ते सांग म्हणालात. मी सांगितलं. त्यांनाही कळलं." तिने खिडकीकडे मान केली.

साहेबांनी खिडकीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. मग खूण केली. नवव्याला जमलं की नाही ते आता कुणी बघत नव्हतं, पण त्यालाही जमलं.

नंतर साहेब टेबलाशी बसून शेऱ्याच्या वहीत लिहायला लागले. पानभर लिहिलं, उलटून पुन्हा लिहिलं. धाकटीने विचारलं, "साहेब, शाळेचं काय?" तर म्हणाले, "लिहिलंय त्यात," आणि भरती उतरायच्या आत होडी गाठायला निघाले. असे लोक तोंडाने हो किंवा नाही म्हणत नाहीत. म्हटलं तर त्यांना त्याला बांधून घ्यावं लागतं.

पोरं घराकडे पळाली. पोपट राहिली. धाकटी वही घेऊन दारातल्या उजेडात आली आणि वाचायला लागली. बाकांची संख्या अपुरी. हजेरीपट अस्वच्छ. खडूसाठा नगण्य. शिक्षिकेच्या पायांस चिखल आढळला. सदर शाळेच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव. तिथे तिची नजर अडकली. पुढची ओळ होती पण डोळे तिथून हलेनात. ते वाक्य नऊ ओळींचं होतं. ती पुन्हा वरून वाचायची आणि पुन्हा तिथेच यायची. अक्षरं ओळखीची होती, अर्थ लागत नव्हता. 

थोरली आत आली. "काय लिहिलंय?"

"तक्रारी आहेत. विलीनीकरण म्हणतात." धाकटीने त्या शब्दावर बोट ठेवलं. "म्हणजे जोडणार."

"जोडणार म्हणजे बंद?"

धाकटीने वही पोपटकडे दिली. तिच्याच्याने होत नव्हतं, दुसरं काही नाही.

पोपट दारात बसली. बोट ठेवून वाचत गेली. नऊ ओळींच्या वाक्यावर आली तेव्हा तिचे ओठ हलले, 'उपरोक्त त्रुटी लक्षात घेता', 'आकलनविषयक प्रगती समाधानकारक आढळल्याने', 'तूर्त स्थगित ठेवून'. मग तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली, तेच वाक्य दुसऱ्यांदा वाचलं. थोरली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बोटांची टोकं पांढरी झाली होती.

पोपटने वही मिटून मांडीवर ठेवली.

"आपल्या शाळेचं आहे," ती म्हणाली. "साहेबांना बाकांचा, खडूंचा आणि काकूच्या पायांचा राग आलाय. आम्हाला सांगता येतं ते त्यांना पटलंय. शाळा इथेच राहणार."

"नक्की?" थोरली म्हणाली.

"तूर्त, असं लिहिलंय."

"तूर्त म्हणजे?"

"म्हणजे सध्या राहणार. पुढचं पुढे."

धाकटीने वही ओढून घेतली आणि वाचली. आता वाक्य शेवटपर्यंत गेलं. होतं, शेवटी होतं, 'आहे त्या ठिकाणी पुढे चालू ठेवण्यास हरकत नसावी', एवढंसं, दोन पानांच्या तळाशी.

"मग हे आधी लिहायला काय झालं होतं मेल्याला," थोरली म्हणाली, आणि चौकट सोडून दिली.

 धाकटी भिंतीला घासत सावकाश खाली बसली, पोरांच्या सतरंजीवर. तळवे ठणकत होते. सकाळपासून ठणकत असणार.

"ऊठ," थोरली म्हणाली. "वाफा ओढायचाय. उद्या ढग आत आले तर मग मला सांगशील."

"पाच मिनिटं, ताई."

थोरलीने तिच्याकडे बघितलं. मग खोलीकडे, फळ्याकडे. मग ती आली आणि तिच्या शेजारी बसली, जड, गुडघ्यावर हात ठेवून, सगळं अंग एकदम सोडून देत. या खोलीत ती पहिल्यांदाच बसत होती.

"पाचच," ती म्हणाली. आणि पाय लांब केले.